पुनर्जन्म मानत नाही, नाकारतही नाही: अशा भूमिकेतून बुद्धविचार आणि ध्यान

निरंजनाकाठ (धागाकर्ता)

ध्यान आणि बुद्धविचारावरच्या जुन्या धाग्यांत एक प्रश्न सारखा डोकावतो आणि चर्चा भलतीकडे गेली की मागे पडतो. अस्तित्वाचे ३१ लोक (स्वर्ग-नरकांसारख्या पातळ्या), पुनर्जन्म, ऋद्धी (अलौकिक शक्ती), मार (साधकाला मोहात पाडणारा) यांबद्दल ज्याला ठामपणे काहीच म्हणता येत नाही, त्याने हा मार्ग धरावा का, आणि धरला तर कसा? त्यासाठी हा स्वतंत्र धागा.

माझं मत आधीच सांगतो. धरावा, जरूर धरावा. पण 'मला माहीत नाही' हे आपण आपल्या जबाबदारीवर म्हणावं, बुद्धाच्या तोंडी घालू नये. इंटरनेटवरचं निम्मं सेक्युलर बुद्धिझम इथेच घसरतं. बुद्ध हा अडीच हजार वर्षांपूर्वीचा मानसशास्त्रज्ञ होता आणि देवदेवता, परलोक वगैरे भिक्खूंनी नंतर घुसडलं, असं सरसकट म्हणायला निकायांत, म्हणजे बुद्धाच्या सुत्तांच्या (प्रवचनांच्या) जुन्या पाली संग्रहांत, आधार सापडत नाही. परलोकाचे उल्लेख जुन्यातल्या जुन्या थरांतही आहेत.

मग अज्ञेयवाद्याला, म्हणजे 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला, पाय ठेवायला जागा कुठे आहे? मला ती मज्झिमनिकायातल्या ९५व्या, चंकी सुत्तात दिसते. कोसलातल्या ओपासाद गावी कापटिक नावाचा १६ वर्षांचा वेदपारंगत मुलगा विचारतो की आमचे मंत्र परंपरेने आलेत आणि ब्राह्मण म्हणतात हेच खरं, बाकी सगळं खोटं. यावर तुमचं काय म्हणणं? बुद्ध पाच गोष्टी मोजून दाखवतो: श्रद्धा, रुची, ऐकीव परंपरा, तर्काने केलेला विचार आणि विचाराअंती पटलेलं मत. या पाचही गोष्टी दोन्ही बाजूंना जाऊ शकतात. घट्ट श्रद्धेने धरलेलं पोकळ निघतं आणि श्रद्धा नसलेलं खरं निघतं. म्हणून सत्याची राखण करणारा माणूस 'माझी अशी श्रद्धा आहे' एवढ्यावर थांबतो, 'हेच खरं, बाकी फोल' इथपर्यंत जात नाही. हीच कसोटी नास्तिकालाही लागू होते. 'मला पुनर्जन्म पटत नाही' हे वाक्य चालेल. 'पुनर्जन्म नाहीच आणि मानणारे मूर्ख' हे चालणार नाही.

दुसरा आधार बहुतेकांना माहीत असतो: ६३वं चूळमालुंक्य सुत्त, विषारी बाणाचा दाखला, म्हणजे बाण कोणी मारला हे कळेपर्यंत तो काढू न देणारा माणूस. मात्र तिथले दहा अनुत्तरित प्रश्न नीट वाचा. जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त, जीव आणि शरीर एक की वेगळे, आणि मरणानंतर तथागत (बुद्ध) असतो, नसतो, दोन्ही की दोन्ही नाही. सामान्य माणूस पुन्हा जन्मतो का, हा प्रश्न त्या यादीत नाही. त्यामुळे 'बुद्धाने पुनर्जन्मावर मौन पाळलं' याला पुरावा म्हणून हे सुत्त देता येत नाही. त्यातून घ्यायचं ते वेगळंच आहे: उत्तर मिळेपर्यंत उपचार थांबवायचा नाही.

आणि उपचार म्हणजे काय, ते पहिल्या प्रवचनात कामांच्या भाषेत आलंय. दुःख पुरतं ओळखायचं, त्याचा उगम सोडायचा, निरोध प्रत्यक्ष पाहायचा, मार्ग वाढवायचा. चारही गोष्टी करायच्या आहेत. स्टीफन बॅचलर यांच्यासारखे आजचे सेक्युलर लेखक याच चार कामांवर उभे राहतात, आणि माझ्या मते त्यांच्या मांडणीतला हा भाग सर्वांत टिकाऊ आहे.

सरावाचं तपशीलवार प्रतिसादांत लिहीन. प्रश्न विचारा.

सुत्तवाचक

धागा माझ्या निवडक १०त घेतला. चंकी सुत्त पुढे आणल्याबद्दल आभार, नाहीतर सगळी गाडी कालाम सुत्तावर येऊन थांबते, आणि तेही अर्धंच वाचलेलं असतं.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातलं हे सुत्त. केसपुत्त गावचे कालाम विचारतात की येणारा प्रत्येक श्रमण आपलंच खरं म्हणतो, तर कोणाचं मानायचं? ज्या दहा आधारांवर विसंबू नये असं बुद्ध सांगतो त्यांत परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ आणि 'हा श्रमण आमचा गुरू' हे आहेतच, पण तर्क, अनुमान आणि 'माझ्या मताशी जुळतं' हेही आहेत. हे शेवटचे तीन लोक गाळतात. त्यामुळे 'स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच घ्या' हा या सुत्ताचा निरोप नाही. दिलेली कसोटी आचरणाची आहे: ही गोष्ट अंगी बाणवल्यावर लोभ, द्वेष, मोह वाढतात की घटतात, आणि जाणते लोक तिला दोष देतात का.

त्याच सुत्ताच्या शेवटी अज्ञेयवाद्याला हवे असलेले चार दिलासे आहेत. परलोक असेल आणि कर्माला फळ असेल, तर चांगलं वागणाऱ्याला पुढे सुगती आहे. नसेल, तरी तो याच जन्मी निर्वैर आणि सुखी आहे. पाप करणाऱ्याला पाप लागत असेल, तर यानं पाप चिंतलेलंच नाही. लागत नसेल, तर दोन्हीकडून तो स्वच्छ. मज्झिमनिकायातलं ६०वं अपण्णक सुत्त हाच युक्तिवाद आणखी पसरून मांडतं.

आता तुमच्या बाजूचा कच्चा दुवा. त्याच अपण्णक सुत्तात 'परलोक आहेच, त्यामुळे नाही म्हणणाऱ्याची दृष्टी मिथ्या' असं सरळ म्हटलंय. ११७व्या महाचत्तारीसक सुत्तात 'हा लोक नाही, परलोक नाही' हे मिथ्यादृष्टीच्या व्याख्येतच बसवलंय. नकार देणाऱ्या माणसाला निकाय मोकळीक देत नाहीत. 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला देतात का, हे बघायला हवं.

बुद्धाच्या काळातल्या संजय बेलट्ठिपुत्त या श्रमणाचं उदाहरण तर थेट विरोधात जातं. परलोकाबद्दल विचारलं की तो 'असं म्हणत नाही, तसंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही' अशी उत्तरं द्यायचा. दीघनिकायात त्याला अमराविक्खेप म्हटलंय, हातातून निसटणाऱ्या माशासारखं बोलणं. तुमचा अज्ञेयवाद आणि संजयाची टाळाटाळ यांत फरक काय?

निरंजनाकाठ

फार मोलाचा आक्षेप. ब्रह्मजाल सुत्तात अमराविक्खेपाची चार कारणं दिली आहेत: खोटं बोललं जाईल ही भीती, आसक्ती जडेल ही भीती, उलटतपासणीची भीती आणि निव्वळ मंदपणा. पहिल्या तीन ठिकाणी माणूस उत्तर टाळतो ते स्वतःला वाचवायला. तिथे 'कुशल काय, अकुशल काय' विचारलं तरी तो निसटतो. इथे फरक आहे. अज्ञेयवादी मरणानंतरच्या गोष्टींबद्दल 'माहीत नाही' म्हणतो, पण रागाने मन जळतं का, खोटं बोलल्यावर मनाला टोचणी लागते का, वेदना आणि वेदनेवरची चिडचिड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, यांवर त्याला ठोस उत्तर द्यावंच लागतं, आणि ते तपासावंही लागतं. तिथेही तो 'काय सांगता येतंय' म्हणू लागला तर तो संजयाचा शिष्य, हे मान्य.

कुतूहल_२

दोघांचेही प्रतिसाद आवडले, पण मला सरावाचंच विचारायचंय. अगदी नवशिक्याने रोज किती वेळ आणि नेमकं काय करायचं? श्वासाकडे लक्ष दिलं की श्वास आपोआप जोरात घेतला जातो आणि गरगरतं, असं अनेक जण सांगतात. ते का होतं?

निरंजनाकाठ

पहिला आठवडा १० मिनिटं, दिवसातून दोनदा. दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ३० पर्यंत न्या आणि तिथे दोन-तीन महिने थांबा. रविवारी एकदम दीड तास बसून आठवडाभर सुट्टी, असं करू नका. सवयही लागत नाही आणि मनात धास्ती मात्र बसते. जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्या. गजर फोनवर लावा, पण फोन पालथा, हाताच्या अंतराबाहेर आणि विमान मोडवर. गजराचा आवाज मऊ असू द्या.

पहिलं मिनिट फक्त शरीराचा भार जमिनीवर कुठे पडतोय ते जाणा. मग नाकपुड्यांच्या कडा आणि वरच्या ओठावरचा भाग इथे श्वासाचा स्पर्श कुठे कळतो ते पाहा. कळला की लक्ष तिथेच ठेवा, श्वासामागे छातीत उतरू नका. सर्दी असेल किंवा स्पर्श अजिबात कळत नसेल तर पोटाचं वरखाली होणं घ्या. म्यानमारमध्ये महासी सयाडो यांच्या परंपरेत पोटाची ही हालचालच मुख्य आलंबन (लक्ष टेकवायची जागा) आहे, तेव्हा तो दुय्यम पर्याय समजू नका. मात्र एका बैठकीत एकच जागा. दर दोन मिनिटांनी नाक की पोट हे ठरवत बसलं की मन त्या निवडीतच अडकतं.

लक्ष सुटेलच. सुटलं हे ज्या क्षणी कळलं, तो क्षण सरावातच मोजायचा. तिथे 'विचार' अशी एकदा मनात नोंद करून परत या. विचार कुठून सुरू झाला याचा माग काढू नका, त्यात आणखी पाच मिनिटं जातात.

मोजणीची मदत घ्यायची तर विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथातला नियम पाळण्यासारखा आहे. ५च्या आत थांबायचं नाही, १०च्या पुढे जायचं नाही, मधला आकडा गाळायचा नाही. ५च्या आत मोजलं तर मन कोंडल्यासारखं होतं, १०च्या पुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्यांना चिकटतं. आधी धान्य मापणाऱ्यासारखं सावकाश मोजा, मग श्वासाच्या गतीने. लक्ष स्थिर झालं की मोजणी सोडून द्यायची. ती कायमची नसते.

आता गरगरणं. श्वास जाणण्याऐवजी माणूस तो 'चांगला' घेऊ लागतो, खोल आणि जलद. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. काही जण याला अनुभूती समजतात. ती अनुभूती नव्हे, जादा श्वसनाचा परिणाम आहे. उपाय: लक्ष उच्छ्वासावर ठेवा आणि आत येणारा श्वास त्याच्या मर्जीने येऊ द्या. तरीही ओढाताण राहिली तर तीन-चार मिनिटं श्वास पूर्ण सोडून तळहातांच्या संवेदनांवर लक्ष न्या आणि मग परत या.

मणका_आणि_मांडी

श्वासाचं झालं, मी बैठकीचं लिहितो, कारण ध्यान सुटण्यामागे तत्त्वज्ञानापेक्षा गुडघे जास्त असतात.

नियम एकच: कंबरेचा सांधा गुडघ्यांपेक्षा वर हवा. सपाट सतरंजीवर मांडी घातली की बहुतेकांचे गुडघे वर उचललेले राहतात, ओटीपोट मागे कलतं, पाठीला पोक येतो आणि १५ मिनिटांत कंबर भरते. घोंगडी किंवा जाड चादर घट्ट घडी करून १० ते १५ सेंटिमीटर उंच करा आणि तिच्या पुढच्या एक-तृतीयांश भागावरच बसा. मऊ उशी दबते, ती नको. एक गुडघा अधांतरी राहिला तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या.

पाय बधिर होणं आणि गुडघा दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, हाडाच्या डोक्याजवळून एक नस जाते. ती दाबली की पाऊल बधिर होतं. बसण्याची पद्धत बदलून ती मोकळी करता येते आणि उठल्यावर एक-दोन मिनिटांत संवेदना परत यायला हवी. न आली, पाऊल उचलताना अडखळलं किंवा बधिरपणा तासभर टिकला, तर ती बैठक बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचरी, अणकुचीदार कळ आली तर ती 'समतेने पाहत' बसायची नाही. मांडीचा सांधा बाहेर फिरत नसला की सगळा पीळ गुडघ्यावर येतो आणि आतली गादी दुखावते. पद्मासनाचा हट्ट इथेच महाग पडतो.

खुर्ची अगदी चालते. बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच, पावलं जमिनीवर सपाट, पाठ टेकलेली नाही. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पाठीचा विकार असेल तर टेकून बसा किंवा आडवे होऊन करा. आडवं झाल्यावर झोप लागते, तर गुडघे वर घेऊन पावलं टेकवा, डुलकी आली की गुडघे ढळतात आणि जाग येते.

कुतूहल_२

दोघांचेही आभार, वाचनखूण साठवली. झोपेचं निघालंच आहे तर: बसून ध्यान करतानाही दहाव्या मिनिटाला पेंग येते. त्यावर काय?

सुत्तवाचक

याची एक अख्खी उपाययोजना अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात आहे. बुद्धाचा शिष्य मोग्गल्लान मगधातल्या कल्लवाळमुत्त गावी ध्यानाला बसून पेंगत होता, तेव्हा बुद्धाने सांगितलेला क्रम असा. ज्या विचारावर असताना पेंग येते तो विचार धरू नकोस. नाही गेली तर ऐकलेला धम्म मनात घोळव. नाही गेली तर तो मोठ्याने म्हण. मग कान ओढ, हातपाय चोळ. मग ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, दिशांकडे आणि ताऱ्यांकडे पाहा. मग मनात उजेडाची कल्पना धर. मग चंक्रमण कर, म्हणजे येरझारा घाल. आणि तरीही गेली नाही तर उजव्या कुशीवर झोप, उठायची वेळ मनाशी ठरवून. या यादीत एकही गोष्ट श्रद्धेवर अवलंबून नाही, आणि शेवटचा उपाय झोपच आहे हे मला फार पटतं. रात्री पाच तास झोपणाऱ्याची पेंग कोणत्याही ध्यानपद्धतीने जाणार नाही.

चंक्रमणाला १० ते १५ पावलांची सरळ वाट पुरते, गच्चीवर किंवा घरातल्या व्हरांड्यात. डोळे उघडे, नजर दीड-दोन मीटर पुढे. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं, एवढंच जाणा. टोकाला पोचल्यावर थांबा, वळणंही जाणून घ्या, कारण मन बहुधा वळतानाच पळतं.

धम्मसंध्या

चर्चेत दोन मराठी नावं अजून आली नाहीत, ती यायलाच हवीत.

धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवळचे, जन्म १८७६. वर ज्या विसुद्धिमग्गाचा उल्लेख आला त्याचं देवनागरी संपादन त्यांनी केलं, ते १९४०ला मुंबईत भारतीय विद्या भवनाने छापलं, आणि हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत हेन्री क्लार्क वॉरन यांच्या संपादनाची त्यांनी सुधारलेली आवृत्ती त्यांच्या निधनानंतर १९५०ला आली. म्हणजे परंपरेचा सगळा भार त्यांना मुखोद्गत होता. तरीही 'भगवान बुद्ध'मध्ये त्यांनी म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून गृहत्याग ही कथा बाजूला ठेवली. अत्तदंड सुत्ताच्या आधारे शस्त्रं हाती घेऊन एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांचं भय हे कारण त्यांनी पुढे आणलं आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी ते जोडलं. धर्मग्रंथ आदराने आणि चिकित्सेने एकाच वेळी कसा वाचावा याचा हा मराठीतला नमुना आहे. त्यासाठी पाश्चात्त्य सेक्युलर लेखकांची वाट पाहायची गरज नव्हती.

आणि बाबासाहेब. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' १९५७मध्ये, महापरिनिर्वाणानंतर आला. प्रस्तावनेतच ते चार अडचणी मांडतात: गृहत्यागाचं पारंपरिक कारण, चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खूचं प्रयोजन काय. गृहत्यागाच्या बाबतीत तेही रोहिणीच्या वादाकडेच वळतात. त्यांच्या ग्रंथात धम्माच्या केंद्रस्थानी माणूस आणि या पृथ्वीवरचं माणसामाणसाचं नातं आहे.

यावरून ध्यानाला माझा प्रश्न आहे. दुःख म्हणजे माझ्या मनातली आसक्ती, एवढ्यावर सराव थांबला, तर जातीने दिलेलं दुःख, मजुरी बुडवल्याचं दुःख हे सोसणाऱ्याच्याच माथी येतं. 'समतेने पाहा' असं अन्याय सोसणाऱ्याला सांगणं आणि अन्याय करणाऱ्याला काहीच न सांगणं, हा धम्म होत नाही.

निरंजनाकाठ

धम्मसंध्याताई, तुमचा मुद्दा मी धाग्याच्या मूळ लेखातच घ्यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. समता म्हणजे परिस्थिती मान्य करणं असा अर्थ शिकवला जात असेल तर ती शिकवण चुकीची आहे. संवेदनेवर लगेच प्रतिक्रिया न देणं ही आतली कसरत आहे. तिचा उपयोग असा की बाहेरची कृती रागाच्या भरात न होता विचाराने व्हावी. कृतीच होऊ नये असा तिचा हेतू नाही. अष्टांग मार्गात सम्यक वाचा, कर्मान्त आणि आजीविका आहेत. बावीस प्रतिज्ञांतही अष्टांग मार्ग आहे, आणि त्यात सम्यक स्मृती-समाधीही आल्या. म्हणजे ध्यान वगळलेलं नाही, पण ते आठातल्या दोन अंगांपुरतं आहे. फक्त तीच दोन अंगं घेऊन उरलेली सहा सोडणं हा आजच्या सेक्युलर ध्यानाचा मोठा दोष आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो.

धम्मसंध्या

एवढं मान्य असेल तर माझा ध्यानाला विरोध नाही. पंचशील हा पाया, हे मात्र नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगा. त्यासाठीही परलोक लागत नाही. दिवसा चौघांशी खोटं बोलून आलेलं मन रात्री शांत बसत नाही, हे कोणालाही तपासून पाहता येतं.

पुरावा_कुठाय

ध्यानाच्या फायद्यांबद्दल जे दावे फिरतात त्यांची छाननी अज्ञेयवादी धाग्यावर व्हायलाच हवी.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणमुक्तीचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. दर आठवड्याला साधारण अडीच तासांचा वर्ग, एक पूर्ण दिवस मौनाचा, आणि घरी आठवड्यातले सहा दिवस सुमारे ४५ मिनिटं. आज 'माइंडफुलनेस'वरचं बरंचसं संशोधन या साच्यावर बेतलेल्या कार्यक्रमांचं आहे, त्यामुळे त्याचे निष्कर्ष दहा मिनिटांच्या मोबाइल अॅपला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

२०१४ला 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ३५१५ सहभागी होते. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाचा पुरावा आणि लहान ते मध्यम सुधारणा. औषधं, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे उपयोग आहे, पण तो माफक आहे. मेंदू बदलतो, जनुकं बदलतात, रोग पळतात, अशी वाक्यं इथे नकोत.

आणि निब्बाण किंवा तृष्णाक्षय यांबद्दल या चाचण्या काहीच सांगत नाहीत. त्या चिंतेचे गुण मोजतात. दोन्हींची गल्लत करू नये.

इगतपुरी_वाट

मग दहा दिवसांच्या शिबिराचं काय? अज्ञेयवाद्याने जावं का? तिथे त्रिशरण घ्यावं लागतं म्हणे.

निरंजनाकाठ

जायला हरकत नाही, काय वाट्याला येणार ते माहीत असावं. सत्यनारायण गोयंका यांनी म्यानमारमधून ही पद्धत १९६९ला भारतात आणली. इगतपुरीचं धम्मगिरी हे तिचं मुख्य केंद्र. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन. शिबिर विनामूल्य असतं आणि दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात.

पहाटे ४ला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, दिवसभरात साधारण दहा तास बैठक. पहिले साडेतीन दिवस आनापान (श्वासावर लक्ष), चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना, दहाव्या दिवशी मैत्री आणि मौन सुटतं. विपश्यना दिल्यानंतर दिवसातल्या तीन सामूहिक बैठकांत तासभर हात-पाय न हलवण्याचं आणि डोळे न उघडण्याचं अधिष्ठान असतं. डोक्यापासून पायांपर्यंत एकेक भाग क्रमाने तपासायचा, जिथे काही जाणवत नाही तिथे मिनिटभर थांबायचं आणि पुढे जायचं. सुरुवातीला त्रिशरण आणि पंचशील म्हणवून घेतात. त्रिशरणाचा अर्थ व्यक्तीला नव्हे, गुणांना शरण असा तिथे सांगतात. तरीही कोणाला ते म्हणणं अप्रामाणिक वाटत असेल तर आधीच आचार्यांशी बोलून घ्यावं.

अज्ञेयवाद्याने सूचना आणि सिद्धान्त वेगळे ठेवावेत. 'डोक्यापासून पायांपर्यंत लक्ष फिरवा, जे येईल त्यावर प्रतिक्रिया देऊ नका' ही सूचना आहे, ती दहा दिवस मनापासून पाळावी. 'जुने संस्कार संवेदना बनून वर येतात आणि निर्जरा होते', म्हणजे ते झडून जातात, हा सिद्धान्त आहे. मांडीत कळ आली ती मागचा संस्कार म्हणून आली की नस दाबली म्हणून, हे डोळे मिटून कळत नाही. कळ आली, तिच्याबद्दल नावड उठली, नावडीमुळे ती वाढल्यासारखी वाटली, हे मात्र कळतं. तेवढ्यावर काम होतं. आणि सर्वांगात सूक्ष्म तरंग वाहू लागले म्हणजे प्रगती झाली असं समजू नका. त्यांची ओढ लागली की पुढच्या बैठकीत जडपणा आल्यावर निराशा ठरलेली.

आणखी एक: शिबिर हा पहिला घास असू नये. घरी रोज अर्धा तास तीन महिने बसून झाल्यावर जा.

मनोविकार_विभाग

वरचं शेवटचं वाक्य अधोरेखित करतो आणि सावधगिरीचं सविस्तर लिहितो, कारण हा भाग ध्यानाच्या चर्चांत नेहमी गुंडाळला जातो.

पूर्वी कधी भ्रम किंवा भास झाले असतील, बायपोलर आजार असेल, सध्या तीव्र नैराश्य असेल, आत्महत्येचे विचार असतील, अलीकडचा मोठा आघात असेल किंवा दारू वा औषध नुकतंच सोडलं असेल, तर दीर्घ मौन शिबिर टाळा आणि घरचा सरावही मनोविकारतज्ज्ञांना सांगून करा. शिबिराच्या अर्जात आजार आणि औषधं लपवू नका. ध्यान जमू लागलं म्हणून औषध बंद करायचं नाही. बायपोलर रुग्णात झोप कमी होणं हेच उन्मादाला निमित्त ठरू शकतं, आणि पहाटे चारच्या वेळापत्रकात झोप कमी होतेच.

धोक्याची चिन्हं: दोन-तीन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, विचार धावताहेत, आपल्याला काही विशेष शक्ती किंवा कार्य मिळालंय अशी खात्री, आवाज ऐकू येणं, जग किंवा स्वतःचं शरीर खोटं वाटणं आणि ते बैठकीनंतरही न जाणं, जुना आघात पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं. यांपैकी काही दिसलं तर 'हेही अनित्य' म्हणत बसू नका. बैठक थांबवा, डोळे उघडा, चाला, पोटभर जेवा, ओळखीच्या माणसाजवळ राहा आणि डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मिळते.

ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ला ध्यान करणाऱ्यांच्या अशा त्रासदायक अनुभवांची पद्धतशीर नोंद प्रसिद्ध केली आहे. आधी मानसिक आजार नसलेल्यांतही ते दिसले. 'साधनेत कमी पडलात' असं त्या माणसाला सांगणं क्रूर आहे.

पुरावा_कुठाय

+१. हा प्रतिसाद मूळ लेखात वर जोडावा.

इगतपुरी_वाट

मैत्री भावनेबद्दल शंका. 'सर्व प्राणी सुखी होवोत' म्हटल्याने ते सुखी होतात असं मानत नसू, तर ते म्हणण्यात अर्थ काय?

निरंजनाकाठ

ते लहरींसारखं दूर जाऊन कोणाला लागतं, असं मानायची गरज नाही. तपासायचं ते म्हणणाऱ्याच्या मनात. विसुद्धिमग्गाचा क्रम काटेकोर आहे आणि त्याला कारणं आहेत. आधी स्वतः, मग आदरणीय माणूस, मग जिवलग, मग तटस्थ, मग वैरी. वैऱ्यापासून सुरुवात केली तर रागच पेटतो. मेलेला माणूस घेतला तर चित्त एकाग्र होत नाही. ज्याच्याबद्दल शरीराची ओढ आहे तो घेतला तर मैत्रीच्या नावाखाली कामना वाढते. तटस्थ म्हणजे दुकानदार, पोस्टमन, जिन्यात भेटणारे शेजारी. पाच मिनिटं पुरतात, नेहमीच्या बैठकीच्या शेवटी. स्वतःपासून सुरुवात जमतच नसेल, आणि खूप जणांना जमत नाही, तर ज्याच्याशी काही गुंता नाही अशा लहान मुलापासून करा. वाक्यं आपल्या भाषेत, लहान ठेवा. परिणाम पाहायचा तो दुसऱ्या दिवशी त्या तटस्थ माणसाशी बोलताना.

सुत्तवाचक

जाता जाता वाचनाचा क्रम, कारण व्यक्तिगत संदेशांत विचारणा झाली. आधी चंकी सुत्त, कालाम सुत्त, चूळमालुंक्य. मग सरावासाठी मज्झिमनिकायातलं १०वं सतिपट्ठान आणि ११८वं आनापानसति. आनापानसतितल्या सोळा पायऱ्या चार-चारच्या चार गटांत आहेत: शरीर, वेदना, चित्त आणि धर्म. पहिली चौकडी (लांब श्वास, आखूड श्वास, सर्व शरीर जाणत, शरीराचे संस्कार शांत करत) एवढीच सहा महिने पुरते, तेव्हा सोळाही एका बैठकीत उरकू नका. विचार फार सतावत असतील तर २०वं वितक्कसंठान, त्यात पाच उपाय आहेत. मूळ पाली देवनागरीत हवं असेल तर इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण तिपिटक उपलब्ध केलंय. मराठी वाचकाला निम्मे शब्द ओळखीचे वाटतील, पण अर्थ तोच असेल असं गृहीत धरू नका, सोबत अनुवाद ठेवा.

आणि अपण्णक सुत्त शेवटी वाचा. तुमच्या भूमिकेला सर्वांत जास्त विरोध तिथेच भेटेल, तो टाळू नका.

कुतूहल_२

चूळमालुंक्य आजच वाचलं. पुढच्या रविवारी चंकी सुत्तावर इथेच ओळीने चर्चा करूया का? मी परिच्छेद टंकून देते.

सुत्तवाचक

नक्की. कापटिकाच्या प्रश्नापासून सुरू करा. त्याआधीच्या भागात चंकीने बुद्धाला भेटायला का जावं यावरचा वाद आहे, तो नंतर घेऊ.